कट संपेल तेव्हा हात कुठे असेल?

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

फोनवरच आभार मानणार होते, पण फोनवर तुम्हाला शब्द नीट लागत नाहीत आणि तुम्ही नुसतंच "हो, हो" म्हणता, हे मला ठाऊक आहे. म्हणून लिहिते आहे. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं उघडं ठेवते आहे, त्याचा राग मानू नका. तुम्ही मला जे शिकवलंत ते आणखी कुणाच्या तरी बोटांच्या कामी यावं, एवढीच इच्छा आहे.

मागच्या आठवड्यात माझ्या टेबल सॉवरून, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याच्या करवतीवरून, फळी उलटी आली. मला काही झालेलं नाही. दोन्ही हात, दहाही बोटं जागच्या जागी आहेत. पुढचं वाचताना तुमचा जीव वरखाली होऊ नये म्हणून हे आधीच सांगितलं.

झालं ते असं. आदल्या दिवशी एका खणाच्या बाजूंना खाच पाडायची होती, तळाचा प्लाय बसवण्यासाठी. माझ्या मशीनला पात्यामागची पाचर, म्हणजे चिरलेल्या फाका मिटू न देणारी पातळ पट्टी, आणि पात्यावरचं झाकण एकाच तुकड्याला जोडलेलं आहे. आरपार न कापता नुसती खाच पाडायची तर तो अख्खा तुकडा काढावा लागतो. काढला, खाचा पाडल्या, मशीन पुसलं आणि दिवा मालवला. दुसऱ्या दिवशी सकाळी चार फुटांच्या फळीतून उभी पट्टी काढायला घेतली, तेव्हा पाचर बाकावर रंध्याशेजारी तशीच पडलेली होती. झाकलेली नव्हती, कशाखाली गेलेली नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला दिसली नाही.

फळीचा शेवटचा वीतभर भाग उरला होता. मोटरचा आवाज एकदम जड झाला. लाकडात ताण असतो, चिरलं की तो मोकळा होतो आणि दोन फाका कधी उघडतात, कधी मिटतात, हे तुम्ही सांगितलं होतंत. या फळीच्या फाका मिटत होत्या आणि पात्याला मागून चिमटा बसत होता. हे सगळं मला नंतर समजलं. त्या क्षणी फक्त आवाज बदललेला कळला, आणि तेवढ्यात फळीचं पलीकडचं टोक टेबलावरून उचललं गेलं आणि फळी माझ्या उजव्या बाजूने मागे गेली. मागच्या भिंतीत अंगठा मावेल एवढा खड्डा पडला आहे. तो माझ्या कमरेच्या उंचीवर आहे.

मी पात्याच्या रेषेत उभी नव्हते, डावीकडे होते. आणि फळी ढकलायला हात नव्हता, तुम्ही करून दिलेली काठी होती. फळी निसटली तशी काठी पुढे गेली, पात्यावर आदळली आणि तिचं दोन बोटं रुंदीचं टोक उडालं. ते टोक मी भुशातून शोधून काढलं. पात्याच्या दातांनी त्यावर तीन तिरक्या रेघा ओढल्या आहेत, अगदी स्वच्छ, पटाशीने ओढाव्यात तशा.

मशीन बंद केलं, प्लग काढला आणि जमिनीवर बसले. बराच वेळ बसले. तुमच्याकडचा पहिला दिवस आठवत होता.

त्या दिवशी मी नवेकोरे जाड हातमोजे घालून आले होते. सुरक्षेसाठी म्हणून तेवढीच एक वस्तू मी आणली होती. तुम्ही न बोलता ते माझ्या हातांतून काढलेत आणि खिडकीत ठेवलेत. "पातं बोटाला लागलं तर बोट कापेल. मोजा सापडला तर हात ओढून नेईल." मग घड्याळ काढायला लावलंत, बाह्या कोपरापर्यंत दुमडायला लावल्यात, केस बांधायला लावलेत. मला वाटलं आता मशीन सुरू होणार. तुम्ही उलट प्लग काढलात आणि तो माझ्या हातात दिलात, "धरून बस" म्हणालात.

मग पात्याच्या एका दातावर खडूने ठिपका काढलात आणि पातं हाताने हळूहळू फिरवलंत. आपल्या बाजूचा दात वरून खाली येत होता, म्हणजे फळीला टेबलावर दाबत होता. तोच दात टेबलाखालून जाऊन पलीकडच्या बाजूने वर आला. "पुढचा दात फळी धरतो, मागचा दात फळी उचलतो. मागच्या दाताला फळी भेटता कामा नये." एवढं बोलून तुम्ही पात्यामागच्या पाचरीवर बोट ठेवलंत. पाचर का असते, गाइड (फळी जिला टेकवून सरकवायची ती पट्टी) पात्याला समांतर का हवी, गाइडची मागची कड पात्याकडे केसभरही झुकलेली का चालत नाही, हे सगळं मला त्या खडूच्या ठिपक्यातून कळलं. नंतर मी पुष्कळ वाचलं, चित्रं पाहिली. त्या ठिपक्याइतकं स्वच्छ कुठेच सापडलं नाही.

आणि मग तुम्ही तो प्रश्न विचारलात. "कट संपेल तेव्हा तुझा हात कुठे असेल?"

मी म्हटलं, माहीत नाही. तुम्ही म्हणालात, "मग सुरू करू नकोस." त्या दिवशी मी एकही कट मारला नाही. बंद मशीनवरून फळी नेऊन दाखवत राहिले. पाय कुठे, डावा हात कुठे थांबतो, काठी कधी उचलायची, कापलेला तुकडा कुठे पडणार. मला कंटाळा आला होता, आता कबूल करते. घरी जाताना मनात म्हटलं होतं, हे काका फार घाबरवतात.

काका, तुम्ही घाबरवलं नव्हतंत. तुम्ही मला एक प्रश्न दिला होतात आणि बाकीचे नियम त्यातून आपोआप निघत गेले. पट्टी अरुंद आहे, म्हणजे शेवटी माझा हात गाइड आणि पातं यांच्यामध्ये जाणार; म्हणून काठी. तुकडा फार आखूड आहे, गाइडला धड टेकतसुद्धा नाही; म्हणून तो या मशीनवर कापायचाच नाही, हातकरवत घ्यायची. मायटर गेज, म्हणजे फळी आडवी धरून सरकवायचा टेका, लावून आडवा कट मारायचा तर तुटलेला तुकडा गाइड आणि पात्याच्या मध्ये अडकता कामा नये. म्हणून गाइड बाजूला. पातं फळीच्या वर किती काढायचं? दात जेमतेम बाहेर दिसतील इतकं, पाच मिलिमीटरच्या आसपास, कारण हात घसरलाच तर समोर जितकं कमी पातं असेल तितकं बरं.

पुढे कधीतरी मी वहीत हिशेब मांडला, तो तुम्हाला दाखवायचा राहिला. १० इंची पातं मिनिटाला ४००० फेरे मारत असेल, तर दातांचं टोक ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने जातं. आपल्याला काही बिघडलंय हे कळून हात हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग तरी जातो. तेवढ्यात पातं १३ फेरे पुरे करतं. ४० दातांचं पातं असेल तर पाचशेहून जास्त दात त्या जागेवरून गेलेले असतात. "मी चटकन हात मागे घेईन" या म्हणण्याला काही अर्थच नाही. हात कुठे असेल ते स्विच दाबायच्या आधीच ठरलेलं असावं लागतं. तुम्ही हे गणित न करता जाणत होतात.

स्विच बंद केल्यावरची तुमची सवयही मी उचलली आहे. मोटर बंद झाली तरी पातं कितीतरी सेकंद फिरत राहतं, आणि नेमका तेव्हाच पात्याशेजारी पडलेला छोटा तुकडा उचलायचा मोह होतो. तुम्ही मला दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं करायचात, पातं पुरतं थांबेपर्यंत. सुरुवातीला मला शाळेत शिक्षा मिळाल्यासारखं वाटायचं. आजही मी तशीच उभी राहते.

तुमच्या कानांविषयी लिहू का? तुम्हाला आवडणार नाही, तरी लिहिते. तुम्ही एकदा म्हणाला होतात, "बोटं सांभाळली, कानांकडे लक्षच दिलं नाही." तुमच्या तरुणपणी कुणी कानांना काही लावत नव्हतं. टेबल सॉचा आवाज लाकूड कापताना १०० डेसिबलच्या आसपास जातो. अमेरिकेतल्या नायॉश या व्यवसाय-आरोग्याच्या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये माणसाने दिवसाला ८ तास थांबावं, आणि पुढे दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होत जातो. १०० डेसिबलपर्यंत पोचेतो उरतात १५ मिनिटं. तुम्ही उभं आयुष्य त्या आवाजात काढलंत. मी आले तेव्हा मात्र कानांवर लावायचे मफ तुम्ही स्वतः माझ्या डोक्यावर चढवलेत. जे आपल्याला कुणी सांगितलं नाही ते दुसऱ्याला इतक्या आस्थेने सांगणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

मास्कचंही तसंच. लाकडाच्या भुशाने नुसत्या शिंका येतात, एवढंच मी समजत होते. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे, नाकाच्या पोकळीचा कर्करोग तिच्याशी जोडलेला आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे १९९५ मध्येच जाहीर केलं आहे. हे मी नंतर वाचलं. चष्मा, मास्क, कानांचे मफ आता एकाच खुंटीवर टांगलेले असतात.

भिंतीतला खड्डा पाहून माझी मैत्रीण म्हणाली, बोट लागताच थांबणारं मशीन घे. तशी मशीनं आहेत, काका. स्टीव्ह गॅस नावाच्या, भौतिकशास्त्र शिकलेल्या एका अमेरिकी पेटंट वकिलाने १९९९ मध्ये ती युक्ती शोधली. पात्यात बारीकसा विद्युत संकेत सोडलेला असतो. त्वचेचा स्पर्श झाला की संकेत बदलतो आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसून ५ मिलिसेकंदांच्या आत पातं थांबवतो. ठोकळा वाया जातो, बहुतेक वेळा पातंही जातं, बोट मात्र जवळजवळ शाबूत राहतं. फार मोठं काम आहे ते, आणि ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावं. पण माझ्या बाबतीत जे झालं ते त्या मशीनवरही झालं असतं. फळी उलटी येते तेव्हा पात्याला त्वचा लागलेली नसते. तिथे पाचरच लागते.

हातात धरायच्या सर्क्युलर सॉची गोष्टही इथे सांगून टाकते, कारण ती शिकवण मी दुसऱ्या कुणापर्यंत पोचवली आहे. एका कामावर एक मुलगा खालचं सरकतं झाकण लाकडाची चिपटी ठोकून उघडं अडकवून काम करत होता, दर वेळी आड येतं म्हणून. कट संपल्यावर तो मशीन जमिनीवर ठेवायचा आणि पातं फिरतच असायचं. मी त्याला ती चिपटी काढायला लावली. फळी दोन्ही टोकांना टेकवून मध्ये कट मारला की मधला भाग खाली बसतो, चीर मिटते आणि मशीन मागे उसळतं, हेही दाखवलं. सुटणारा तुकडा मोकळा पडू द्यायचा. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "ताई, तुम्हाला हे कुणी शिकवलं?" मी तुमचं नाव सांगितलं.

आता त्या सकाळकडे परत येते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशीही स्वतःला दिलं होतं. हात कुठे असेल ते मला माहीत होतं आणि हात तिथेच होता. चुकले ते पाचरीपाशी. सवयीने सगळं केलं आणि सवयीच्या भरवशावर मशीनकडे पाहिलंच नाही. म्हणून आता एक केलं आहे. पाचर काढली की ती बाकावर ठेवत नाही. तिला सुतळीचा फास लावला आहे आणि ती स्विचवरच लटकवते, अशी की ती हातात घेतल्याशिवाय बटण दाबता येत नाही. खाच पाडताना ती पायाशी ठेवायची आणि काम संपलं की पुन्हा स्विचवर. आठ दिवस झाले. दोनदा ती हाताला लागली आणि दोन्ही वेळा मी थांबून ती जागेवर बसवली. ही युक्ती तुम्हाला पटते का, ते कळवा. आणखी काही सुचलं तर तेही सांगा.

रात्री उशिरा "एकच शेवटचा कट" मारायचा मी सोडून दिला आहे. तुम्ही सांगून दमला होतात.

काका, त्या खड्ड्याची उंची मी मोजली. मग त्याच्यासमोर उभी राहिले, जिथे मी तुमच्याकडे येण्याआधी उभी राहिले असते तिथे, बरोबर पात्याच्या रेषेत. भिंतीतला खड्डा माझ्या पोटाच्या रेषेत येत होता. तिथे उभी असतानाच ठरवलं की तुम्हाला लिहायचं.

तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू ते कळत नाही. तुम्ही शिकवण्याचं काही घेतलं नाहीत. माझ्या कंटाळ्याकडे दुर्लक्ष केलंत, बंद मशीनवरून फळ्या नेताना माझ्या शेजारी उभे राहिलात, आणि एकदाही "एवढं कळत नाही का" असं म्हणाला नाहीत. मी आज दोन्ही हातांनी हे पत्र लिहिते आहे.

जुन्या काठीची आकृती प्लायवर उतरवून दोन नव्या काठ्या कापल्या आहेत. एक माझी, एक तुमची. टाचेची खाच बरोबर काटकोनात आली आहे असं मला वाटतं, पण तुम्ही गुण्या लावून पाहिल्याशिवाय राहणार नाही. पुढच्या रविवारी घेऊन येते. तुटलेलं टोकही आणते, त्यावरच्या त्या तीन रेघा तुम्हाला दाखवायच्या आहेत.

तुमची,
हातमोजे घालून आलेली मुलगी