पोळा आणि तान्हा पोळा: फाटकावरची पाळी

सदस्यहो, दोन्ही दिवशी संध्याकाळी ४ ते ८ फाटकावर दोघं जण हवेतच. तोरणाखालून बैलं सुटली की पुरणपोळीची ताटं आपल्याकडेही येतात. प्रेमानंच येतात, पण घोड्यांपर्यंत जाऊ देऊ नका. घोड्याला उलटी होत नाही. गोडधोड आंबून पोट फुगतं आणि शूळ उठतो. बैलांनाही नैवेद्याचा एकच घास, जास्त झालं की रवंथ थांबतो.

- म्हाताऱ्या घोड्यांच्या दाढा झिजल्यात. सुका कडबा नको, कुट्टी (बारीक कापलेला चारा) भिजवूनच द्या.
- घोडा सारखा कुशीकडे पाहतो, खुरानं जमीन उकरतो, लीद टाकत नाही? चारा काढा, लगेच डॉक्टरांना फोन करा. नाळीनं (औषध पाजायच्या बांबूच्या नळीनं) तेल पाजायचं नाही, ते फुफ्फुसात उतरू शकतं.
- फटाके फाटकाबाहेरच.