मागच्या दाराच्या तीन पायऱ्या

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

नव्या खोलीच्या नकाशावर काल मी सही केली. तुम्हाला पुन्हा एकदा विचारून करायला हवी होती हे मला ठाऊक आहे, आणि बाबा, तुम्ही मनात धरलेली जागा मी बदलली आहे, म्हणून फोनवर तुटक सांगण्यापेक्षा सगळे नीट लिहून कळवते आहे. खोली बकुळीच्या बाजूला होणार नाही; ती स्वयंपाकघराच्या पूर्वेला येईल आणि तुम्ही आखली होती त्यापेक्षा ३ फुटांनी अरुंद असेल. मागच्या दाराच्या तिन्ही पायऱ्या काढून टाकायच्या आहेत.

आई, मागच्या वर्षी तू त्याच पायऱ्यांवर पडलीस आणि मला ते चार दिवसांनी कळले. तू म्हणालीस, माझेच लक्ष नव्हते. गेल्या खेपेस तू झोपली होतीस तेव्हा मी टेप घेऊन पायऱ्या मोजल्या. वरच्या दोन ६-६ इंचांच्या आहेत आणि खालची, वाफ्यांतली माती वर्षानुवर्षे चढत गेल्यामुळे, जेमतेम ४ इंच उरली आहे. पहिल्या दोन पायऱ्यांवर पायाला जी उंची अंगवळणी पडते, तिच्याच भरवशावर तो तिसरीवर पडतो आणि फसतो. तुझ्या चालण्यात दोष नव्हता, हे मला तुला कधीपासून सांगायचे होते.

म्हणजे घराची फरशी बागेपेक्षा १६ इंच उंच आहे. ही उंची पायऱ्यांऐवजी उताराने उतरायची असे मी ठरवले. १२ फुटांना १ फूट हा नेहमीचा उतार धरला तर १६ फुटांत वाट खाली पोहोचते, पण हातात पाण्याची झारी असताना तो उतार गुडघ्यांना जाणवतो. म्हणून मी २० फुटांना १ फूट धरायला लावला. उतार जवळजवळ २७ फुटांचा होईल आणि मध्यावर आणखी ५ फूट सपाट जागा सोडून तिथे पाठ टेकता येईल असा बाक ठेवायचा आहे. एवढ्या सौम्य उताराला कठडा लागतोच असे नाही, तरी एका बाजूने तो असेल, आणि फरशी खडबडीत असेल. बाबा, गुळगुळीत फरशी कितीही देखणी वाटली तरी तिचा आग्रह धरू नका.

पाणी आत येईल ही तुमची शंका अगदी योग्य आहे आणि मी ती सगळ्यात आधी मांडली. जोते उंच ठेवतात त्याला कारण असते. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा निदान ६ इंच खाली नसेल तर भिंतीत ओल चढते. म्हणून दाराबाहेरचा ओटा आतल्या फरशीच्या पातळीला असला तरी भिंतीला चिकटलेला नसेल. दोन्हींच्या मधल्या फटीत नाली असेल, तिच्यावर काढता येणारी जाळी असेल, ओट्याला दर ५ फुटांमागे १ इंच असा बागेकडे उतार असेल आणि वरचे छप्पर ५ फूट पुढे येईल. उंबरठा राहणार नाही, पण पाण्याला आत यायला वाटही राहणार नाही. ती जाळी पावसाआधी उचलून पाने काढावी लागतील, आणि त्यासाठी माणूस बोलवायचा आहे. तुम्ही वाकायचे नाही.

आता बकुळीबद्दल. झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळे बहुतेक वरच्या दीड-दोन फूट मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. तुम्ही सांगितलेल्या जागी पायाचा चर खणला असता तर एका बाजूची मुळे सरसकट तुटली असती. झाड लगेच मेले नसते. दोन-चार वर्षांनी शेंडे वाळू लागले असते आणि तोवर कारण कुणाच्या लक्षातही राहिले नसते. शिवाय पश्चिमेचे ऊन तिरपे येते, ते छज्ज्याने अडत नाही, झाडाने अडते. पण बाबा, खरे सांगू का, ही सगळी कारणे मी नंतर शोधली. पहाटे तुम्ही झाडाखाली जुनी चादर पसरायचात आणि मी डोळे चोळत तिच्यावर येऊन बसायचे, मला उठवायचे नाही म्हणून तुम्ही फुले माझ्याभोवतीने वेचत राहायचात, हे नकाशा समोर असताना आठवत होते. आईने वहीत ठेवलेली फुले अजून माझ्याकडे आहेत. वाळून तपकिरी झाली, पण वास गेलेला नाही.

३ फूट कमी झाल्याने तुमची अडचण होणार नाही. पलंग, आईचे कपाट आणि तुमची खुर्ची मी नकाशावर मापाने मांडून पाहिली आहे. पलंगाजवळच्या खिडकीची खालची कड जमिनीपासून फक्त २ फुटांवर ठेवली आहे, म्हणजे उशीला टेकल्या टेकल्या बाग दिसेल. दार मोकळे साडेतीन फूट असेल, कुंड्यांची गाडी आणि पुढे कधी काही लागलेच तर तेही त्यातून सहज जाईल. रात्रीचे दिवे गुडघ्याच्या उंचीवर, खाली प्रकाश टाकणारे असतील, म्हणजे डोळ्यांवर झोत येणार नाही.

काम सुरू झाल्यावर एवढे सांभाळा. खणलेली माती बकुळीच्या बुंध्याशी एक दिवसही टाकू देऊ नका, कारण माती चढली की मुळांना हवा मिळत नाही. सिमेंटची घमेली तिथे धुऊ देऊ नका. वाटेची भरही फांद्यांच्या घेराबाहेरच पडली पाहिजे. नवी भिंत जुन्या भिंतीत गुंतवू नये, मध्ये सांधा सोडावा, हे मी लिहून दिले आहे, कारण नवा पाया थोडा बसतो आणि मग जोडावर तडा जातो. आई, पूर्वेकडची रोपे तू स्वतः उपटायची नाहीस. कुठले कुठे लावायचे ते खुर्चीवर बसून सांग.

एकच गोष्ट मी ठरवलेली नाही, ती तुमच्यावर सोपवते. संध्याकाळी पाचच्या सुमारास खुर्ची घेऊन दोघे बागेत जा आणि जिथे बसावेसे वाटेल तिथे बाबांनी फक्कीची खूण करावी. बाक तिथेच येईल आणि वाट त्या खुणेवरून वळवून घेऊ. सोमवारी आखणीला मी येतेच आहे.

तुमची,
धाकटी