चिपळूणच्या स्टँडवर भेटलेल्या कंडक्टर काकांना

काका, साष्टांग नमस्कार.

तुमची गाडी लागली आणि तुम्ही पिशवी उचलून निघालात, त्यामुळे नाव-पत्ता विचारायला सवडच मिळाली नाही. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून कोकणात झाली, आता निवृत्त आहात आणि गाव वेंगुर्ल्याकडचं, एवढंच तुमच्याबद्दल ठाऊक आहे. म्हणून हे पत्र असं उघडच लिहिते. तुमच्या ओळखीतल्या कुणी वाचलं तर तुम्हाला नक्की दाखवतील. आणि घरातल्या माळकरी माणसाला घेऊन किनाऱ्याने निघालेल्या आणखी कुणाला उपयोग झाला, तर ते पुण्यही तुमचंच.

आम्ही बार्शीची चौघं. मी, माझे यजमान, कॉलेजात जाणारा मुलगा आणि माझी आई. आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. समुद्र बघायची तिची फार दिवसांची इच्छा होती, पण "तिकडं सगळी मासे खाणारी, मी काय खाऊ?" म्हणून ती दर वर्षी टाळायची. आम्ही तिघं मासे खातो, तेही आवडीने. पण तिला मासे शिजलेल्या भांड्यातलं, तळलेल्या तव्यावरचं चालत नाही. कुंभार्ली घाट उतरून चिपळुणात आलो तोवर तिचा आदल्या दिवसाचा घास केळी आणि राजगिऱ्याच्या लाडवांवर भागला होता. वाटेतल्या एका मोठ्या हॉटेलात "व्हेजमध्ये पनीर आहे" एवढंच उत्तर मिळालं, आणि तवा वेगळा आहे का असं विचारल्यावर वेटर नुसता हसला. मला आईकडे बघवेना.

स्टँडसमोरच्या टपरीवर चहावाल्याला मी तेच विचारत होते आणि तुम्ही शेजारच्या बाकावरून ऐकलंत. दुसरं कुणी असतं तर एखाद्या प्रसिद्ध हॉटेलाचं नाव सांगून मोकळं झालं असतं. तुम्ही आधी आम्हालाच प्रश्न विचारलेत. कोण काय खातं? आजींना कांदा-लसूण चालतो का? एकादशी कधी आहे? गाडी स्वतःची का? रात्री मुक्काम कुठे? आणि मग म्हणालात, "आज शनिवार. मगे सगळा जमता." खिशातल्या एका पाठकोऱ्या कागदावर तुम्ही जे लिहून दिलंत, त्यावर आमचा पुढचा सगळा प्रवास झाला.

त्या कागदावर हॉटेलांची नावं जवळजवळ नव्हतीच. होते ते वार आणि वेळा. हे मला आधी कळलंच नाही, मग तुम्ही समजावून सांगितलंत. मुंबई-गोवा हमरस्ता समुद्राला लागून जातच नाही. तो महाड, चिपळूण, लांजा, राजापूर, कणकवली असा आतून जातो, आणि त्याच्या कडेची हॉटेलं ही वाटसरूंसाठीची, तंदूर आणि पंजाबी भाज्यांची. कोकणातलं जेवण जेवायचं तर रस्ता सोडून खाडीकडे, गावात उतरायचं. तिथे पाट्या असतात, "घरगुती जेवणाची सोय होईल". पण ती सोय आधी सांगणाऱ्याची होते. बारा वाजता दारात उभं राहून चार पानं मागणाऱ्याची होत नाही, कारण त्या घरात माणसं मोजून नारळ फोडतात. आंबोळीचं पीठ रात्री वाटून आंबवावं लागतं, वड्यांचं पीठ काही तास आधी भिजवावं लागतं, मोदकाची उकड ऐन वेळी काढायची असली तरी खोबरं आधी खवून लागतं. तुम्ही म्हणालात, सकाळी नऊच्या आत फोन केला तर दुपारी राजासारखं जेवाल. आणि आमच्या हातात फोन द्यायच्या ऐवजी स्वतःच्याच फोनवरून गुहागरला एका घरी कळवलंत, "चार माणसा हत, एक आजी माळकरी." काका, खरे आभार मला त्या फोनचे मानायचे आहेत.

गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन घेऊन त्या घरी गेलो. शुद्ध शाकाहारी घर, मागे पोफळीची बाग, पडवीत पानं मांडलेली. डाळिंब्यांची उसळ, फणसाच्या कुयरीची भाजी, आमसुलाचं सार, मऊ भात, वर तूप, पोह्याचा पापड. आणि उकडीचे मोदक. त्या घरच्या काकूंनी आईला वाढताना आपणहून सांगितलं, "आजी, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, निर्धास्त जेवा." आई पोटभर जेवली. घरून निघाल्यापासून पहिल्यांदा. डाळिंब्यांची उसळ तिने दोनदा मागून घेतली आणि कडवे वाल भिजवून, मोड आणून, सोलायचे कसे ते काकूंकडून नीट विचारून घेतलं. बार्शीत आता आमच्याकडे ती उसळ होते. आमसुलं मात्र कोकणातलीच लागतात.

दुसऱ्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला आलो. जयगडच्या खाडीवर फेरीबोट आहे आणि तीत आपली गाडीही चढते, हे तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही रस्त्याने केवढा मोठा वळसा घालून गेलो असतो. "बोटीची वेळ आधी विचारा आणि जेवणाची वेळ तिच्यावरून ठरवा," असं तुम्ही कागदावर अधोरेखित केलं होतं. त्यामुळे दुपारी गणपतीपुळ्यात वेळेवर पोचलो आणि आईने देवळातल्या खिचडीच्या महाप्रसादावरच दुपार भागवली. तिला त्याहून दुसरं काही नकोच होतं. मुलगा मात्र समोर समुद्र असून मासे नाहीत म्हणून थोडा हिरमुसला होता. त्याला मी तुमचा कागद दाखवला. त्यावर बुधवारच्या पुढे लिहिलेलं होतं, "मालवण. पोराक पोटभर."

सोमवार मात्र तुम्ही आईसाठी राखला होतात, आणि यातलं तुमचं शहाणपण मला फार मोठं वाटलं. शाकाहारी माणसाला घेऊन जायचं तर वेगळं शाकाहारी हॉटेल शोधायचं, एवढंच आमच्या डोक्यात होतं. तुम्ही म्हणालात, कोकणात बुधवार, शुक्रवार, रविवार माशांचे. सोमवार बहुतेक घरांत शिवराक, म्हणजे शाकाहारी. संकष्टीला, एकादशीला तसंच. त्या दिवशी मासे खाणाऱ्या घरांतही चुलीवर मासे चढत नाहीत, आणि रांधणारी बाई भाजी-आमटीत सगळा जीव ओतते, कारण घरातल्या सगळ्यांनाच ते जेवायचं असतं. रोजच्या दिवशी मात्र शाकाहारी पान मागितलं की डाळ आणि बटाट्याची भाजी पुढ्यात येते.

सोमवारी पहाटे रत्नागिरी सोडून सागरी मार्गाने पावस, जैतापूर, विजयदुर्ग करत देवगडजवळ कुणकेश्वरला उतरलो. महाशिवरात्रीची जत्रा अजून व्हायची होती, गर्दी नव्हती. दर्शन घेऊन तुम्ही सांगितलेल्या घरी गेलो. भांड्यांबद्दल आईने विचारलं, तेव्हा तिथल्या वहिनींनी सोमवारची भांडी वेगळ्या फळीवर असतात ती तिला आत नेऊन दाखवली. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या, ओल्या काजूंची उसळ, केळफुलाची भाजी, सोलकढी. ओले काजू आम्ही कुणीच आधी खाल्ले नव्हते. ते माघ-फाल्गुनात येतात, सोलताना हाताला चीक लागून कातडी जाते, त्यामुळे बाजारात महाग असतात. वहिनींची बोटं काळी पडलेली आईने पाहिली आणि उठताना त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. तिथलं वाटाण्याचं सांबारं अजून जिभेवर आहे. आमच्याकडच्या काळ्या मसाल्याच्या आमटीवर वाढलेल्या माणसाला खोबऱ्याच्या वाटणाची एवढी ओढ लागेल असं वाटलं नव्हतं.

सोलकढीबद्दल तुम्ही सांगितलेलंही खरं ठरलं. आगळ, म्हणजे कोकमाचा रस, आणि ताज्या नारळाचं दूध असेल तर रंग फिका जांभळट-गुलाबी येतो, वाटीत थोडा वेळ ठेवली की रस फुटू लागतो. गडद गुलाबी, एकसारखी दाट दिसली की आधी विचारायचं, दूध नारळाचं काढलंय की पाकिटातलं. मी प्रत्येक ठिकाणी विचारलं. खरं दूध काढणाऱ्या बायकांना त्या प्रश्नाचा राग येत नाही, उलट आनंद होतो.

बुधवारी मालवण. आईला सकाळी घावणे आणि गूळ घातलेला नारळाचा रस देऊन, दुपारी बाजारातल्या शाकाहारी भोजनालयात बसवलं, यजमान तिच्याबरोबर राहिले. मी आणि मुलगा तुम्ही सांगितलेल्या खानावळीत. कागदावर लिहिल्याप्रमाणे आम्ही सुरमई मागितली नाही. "आज काय आलंय?" एवढंच विचारलं. बांगडे आले होते आणि मुडदुशे. वासापुरती तिरफळं (मसाल्याची छोटी फळं) घातलेलं बांगड्याचं तिखलं, तळलेले मुडदुशे, तांदळाची भाकरी, भात. मुलाने तिरफळ चावलं नाही, कारण तेही तुम्ही लिहून ठेवलं होतं. सुरमई-पापलेटाचा दर आकारावर असतो, म्हणून ताटात येण्याआधी तुकडा बघून भाव विचारावा, हे इतर प्रवाशांसाठी मी इथे मुद्दाम लिहिते. आणि माझं स्वतःचं मत असं झालंय की मालवणात येऊन ज्याने बांगडा-पेडवे खाल्ले नाहीत आणि नुसती सुरमईची थाळी खाल्ली, त्याने मालवण चाखलंच नाही. स्वस्त मासा रोज संपतो, म्हणून तो ताजा असतो. मासे खानावळीत दुपारी अडीचनंतर जाऊ नका असं तुम्ही सांगितलं होतं, त्याचा अर्थ तिथे कळला. आमच्यानंतर आलेल्या पाहुण्यांना "मासे संपले, चिकन देऊ का?" ऐकावं लागलं.

संध्याकाळी किनाऱ्यावर माशांचा लिलाव बघितला. आईसुद्धा आली. नाकाला पदर लावला, पण होड्या रिकाम्या होऊन टोपल्या भरताना बघत बराच वेळ उभी राहिली. मासे विकायला बसलेल्या एका बाईने तिला "आजयेनू, बसा" म्हणून आपला पाट दिला. आई बसली. दोघींचं कशाबद्दल बोलणं चाललं होतं ते मला लांबून ऐकू आलं नाही.

पुढे पावसाळ्यात येऊ असं मुलगा म्हणतोय. त्याला मी तुमचं म्हणणं सांगितलंय. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांची वीण त्या दिवसांत असते. तेव्हा हॉटेलात मिळणारी सुरमई बहुधा बर्फातली, नाहीतर बाहेरून आलेली. त्या दिवसांत सुके बांगडे, कुळथाची पिठी, उकड्या तांदळाची पेज, आणि टाकळा, फोडशी, अळू अशा रानभाज्या. पुढे श्रावण लागला की आईचेच दिवस. मला वाटतं पुढच्या वेळी आम्ही श्रावणातच येऊ. नागपंचमीला हळदीच्या पानातले पातोळे खायचे राहिलेत.

वेंगुर्ल्यात तुमच्या गावाची चौकशी करावीशी फार वाटली, पण नावाशिवाय कुणाला विचारणार? तिथून मालवणी खाजं घेतलं, शेंगदाण्याच्या आकाराचं नव्हे, ते बोटभर लांब, गूळ-आल्याचं. कागद वेंगुर्ल्यालाच संपत होता. खाली लिहिलं होतं, "गोव्याचा तिकडच्या कंडक्टराक विचारा. माझी गाडी बांद्यापर्यंत." म्हणून आम्हीही आंबोली घाट चढून परत फिरलो.

काका, तुमच्या नोकरीत तुम्ही रोज वेगवेगळ्या गावांत उतरून जेवला असाल. कुठल्या घरी काय चांगलं होतं, कुठली बाई कुठल्या वारी काय रांधते, हे सगळं तुम्ही जपलंत आणि चहा थंड होईपर्यंत आम्हाला देऊन टाकलंत. त्या बदल्यात माझ्या यजमानांनी चहाचे पैसे देऊ म्हटलं तर तेही तुम्ही देऊ दिले नाहीत.

बोलता बोलता म्हणाला होतात की कार्तिकीला पंढरपूरला येता. आमची बार्शी अंबरीष राजाच्या द्वादशीच्या व्रताचं गाव आहे. एकादशी पंढरपुरात करा आणि बारस सोडायला आमच्याकडे या. भगवंताचं दर्शन होईल. आईने बेत ठरवून ठेवलाय, ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, काळ्या मसाल्याची आमटी, पुरणपोळी आणि तुमच्या गुहागरची ती डाळिंब्यांची उसळ. किती माणसं येणार तेवढं कळवा. भगवंत मंदिराजवळ उतरून बार्शीत कुणालाही माळकरी आजीचं घर विचारलंत तरी चालेल असं ती म्हणते, पण तुम्ही फोन नंबर कळवलात तर मी स्टँडवर घ्यायला येईन.

तुमची,
बार्शीची बाय