फुलात असलेल्या ऑर्किडची कुंडी बदलायला लावणाऱ्या काकूंना

ती. काकूंना,
सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानले की तुम्ही "पुरे गं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

त्या संध्याकाळी मी तुमचं दार वाजवलं तेव्हा माझ्या फॅलेनोप्सिस ऑर्किडच्या दांड्यावर सात फुलं होती आणि टोकाला तीन कळ्या. खाली पानं मात्र लोंबलेली, सुरकुतलेली. झाड तहानलंय असं समजून मी पाणी वाढवत नेलं होतं. तुम्ही फुलांचं कौतुक केलं नाहीत, पानांकडेही पाहिलं नाहीत. बोट थेट कुंडीत खुपसलंत आणि म्हणालात, "ओलं आहे की! मग पाणी पितंय कोण?"

बहरात ऑर्किडची कुंडी बदलायची नाही, हे मी जिथे तिथे वाचलं होतं. तुम्हीही तो नियम उडवून लावला नाहीत. मुळं दुखावली की झाड आधी कळ्या टाकतं, मग फुलं. ऑर्किड मातीऐवजी ज्या झाडाच्या सालीच्या तुकड्यांत लावतात, नुसती ती साल जुनी झाली असती तर बहर ओसरेपर्यंत दोन-तीन महिने थांब म्हटलं असतं, असं तुम्ही सांगितलंत. मुळं कुंडीबाहेर डोकावतात हेही कारण नव्हे. झाडांच्या फांद्यांना धरून हवेत वाढणारी ही जात, तिची मुळं बाहेर येणारच. पण मुळं सडत असतील तर वाट पाहायची कशासाठी?

कुंडी दाबून झाड बाहेर काढलंत, तर वरवर सालीचे तुकडे आणि मधोमध मॉसचा, म्हणजे शेवाळाचा, घट्ट गोळा, पिळला तर पाणी गळेल असा. रोपटं लहान असताना त्यात लावलेलं असतं आणि तो तसाच आत राहतो, हे मला कुठून माहीत असणार! मी तपकिरी दिसेल ते मूळ कापायला निघाले होते. तुम्ही माझी कात्री अडवलीत. "रंग बघू नकोस, चिमटीत धरून दाब." टणक लागलं ते जिवंत, मग ते डागाळलेलं का असेना. पिचकलं आणि वरचं आवरण निसटून आत नुसता दोरा उरला, ते गेलं. माझ्या कात्रीला तर धारही नव्हती आणि ती मातीने माखलेली. तुम्ही घरून तुमची आणलीत, आचेवर धरलीत, मगच कापायला दिलीत. शेवटी चार मुळं उरली. चारच! मला रडू येत होतं आणि तुम्ही, "चार आहेत ना?"

दालचिनीची पूड मी मुळांवर सढळ हाताने भुरभुरवणार होते. ती चांगल्या मुळांनाही सुकवते, फक्त कापलेल्या टोकाला लाव, म्हणालात. नवी साल रात्रभर भिजत घालायची होती, त्यामुळे झाड कागदावर उघडंच ठेवलंत. तेवढ्यात जखमाही वाळल्या. मला झोप लागली नाही, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. मी आणलेली ऐसपैस कुंडी दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजूला सारलीत. चार मुळांना एवढी ओल वाळवता येणार नाही म्हणून जुनीच कुंडी धुऊन घेतली.

दांडा कापायचा की नाही, हे मात्र माझ्यावर सोडलंत. ठेवलास तर फुलं बघशील, पण ती या चार मुळांच्या जिवावर, एवढंच बोललात. मला राग आला होता तुमचा. सांगून टाकलं असतंत तर बरं झालं असतं, असं वाटलं. मग मी कापला. फुलं पाण्यात दोन आठवडे टिकली, कळ्या उमलल्याच नाहीत.

सर्वांत खालचं पान पिवळं पडून गळालं. उरलेल्यांच्या सुरकुत्या पूर्ण गेलेल्या नाहीत. पण काल पाणी देताना खोडाच्या बुडाशी एक नवं मूळ दिसलं, नखाएवढं, टोक हिरवंगार. मी बोट लावलं नाही.

तुमची कात्री अजून माझ्याकडेच आहे. पुसून ठेवलीय. रविवारी घेऊन येते, तेव्हा मूळ बघायला तुम्हीच वर या.

तुमची,
वरच्या मजल्यावरची