बाबा, तो जॉबर नाही, साचेवालाच

मिनिआपोलिस
१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

तीर्थरूप आई-बाबांना
सुमीचा साष्टांग नमस्कार.

फराळाचा डबा काल पोचला. चकल्यांचा चुरा झाला होता, पण तोही चमच्याने खाल्ला. आई, कडबोळी मी एकटीने संपवली, कुणाला वासही लागू दिला नाही.

पत्राचं कारण वेगळंच आहे. पाडव्याला फोनवर इथल्या अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंचा विषय निघाला तेव्हा बाबा म्हणाले, "कोट्यधीशांना कसली गं युनियन? आणि मालकाशी कसलं भांडण?" मी सांगायला लागले तर रेंज गेली. नंतर आईनेच फोन घेतला आणि दुधाचा भाव सांगत बसली. ते वाक्य तेव्हापासून डोक्यात आहे, म्हणून आज बैठक मारून लिहिते. बाबा, चष्मा लावा. आई, तुझ्यासाठीही यात काहीतरी आहे, मधेच उठू नकोस.

गेल्या वर्षी इथे आला होतात तेव्हा आमच्या व्हायकिंग्जचे, म्हणजे इथल्या फुटबॉल संघाचे, सहा सामने तुम्ही माझ्याबरोबर पाहिलेत. पहिल्या दोनांत "हे काय, दर पाच सेकंदांनी थांबतायत, पगार तासावर आहे का?" म्हणालात. तिसऱ्यापासून खुर्ची पुढे ओढलीत. क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्याला, नाव ठेवलंत 'जॉबर', तुमच्या गिरणीतल्या मुकादमासारखा. हातवारे करतो, ओरडतो, सगळ्यांना जागेवर उभं करतो, म्हणून. मी तेव्हा हसले, पण ते नाव मला पटलेलं नाही. त्याच्या हेल्मेटमध्ये छोटा स्पीकर असतो. कोच बाहेरून सांगतो कुठला डाव खेळायचा, आणि घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. मग समोरून दीडशे किलोची माणसं अंगावर येत असताना अडीच-तीन सेकंदांत चेंडू सोडायचा. म्हणजे हुकूम वरून, घाम याचा, मागावरच्या साचेवाल्यासारखा. जॉबरला कधी साच्याखाली सापडताना पाहिलंत का?

यंदा भाऊबीजेच्या रात्री आमचा सामना लॉस एंजेलिसच्या चार्जर्सशी होता. आमचा तरणा क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थी घोटा दुखावून बसलेला, म्हणून कार्सन वेन्ट्झ खेळत होता. त्याचा डावा खांदा आधीच निखळलेला. फेकायचा हात उजवा, म्हणून चालवून घेतलं. दर वेळी तो पडायचा, डावा हात पोटाशी धरून उठायचा, दात आवळायचा आणि पुन्हा जागेवर जाऊन उभा राहायचा. कॅमेरा त्याच्या तोंडावरून हलेना. आम्ही ३७-१० असे हरलो, आणि तरी बराच वेळ त्याला बाहेर काढलं नाही. चार दिवसांनी जाहीर झालं, ऑपरेशन करणार, या वर्षाचा खेळ संपला. आई, तू असतीस तर टीव्ही बंद केला असतास.

याच वेन्ट्झने २०१९ मध्ये फिलाडेल्फियाशी चार वर्षांचा, १२ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला होता. आता सहा मोसमांत सहावा संघ आणि एका वर्षाचं काम. शेजारच्या नॉर्थ डकोटातला मुलगा, लहानपणी व्हायकिंग्जचाच चाहता. त्या रात्री त्याने दुखतंय म्हणून हात वर केला असता तर पुढच्या वर्षी त्याला कोण उभं करणार होतं?

आता पैशाचं. पेपरात जो आकडा छापून येतो ना, त्यावर विश्वास ठेवू नका. बेसबॉल-बास्केटबॉलमध्ये करार झाला की बहुतेक पैसे मिळतातच. फुटबॉलमध्ये मोठ्या आकड्याच्या पोटात एक छोटा आकडा असतो, 'गॅरंटीड'. तेवढाच खरा. बाकीचे पैसे संघाने ठेवलं तर मिळणार. उद्या काढून टाकलं तर कागद घरी न्यायचा आणि त्यात भजी खायची.

शिवाय एकूण पगारावर मर्यादा आहे, तिला सॅलरी कॅप म्हणतात. १९९४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा दर संघाला ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, यंदा २७ कोटी ९२ लाख आहे. आईच्या खाणावळीतल्या पातेल्यासारखं समजा. पातेलं एकच, ताटं त्रेपन्न. डॅलसचा क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट, त्याला वर्षाला सरासरी ६ कोटी मिळतात. एका पंगतीत एकानेच पाचवा हिस्सा वाढून घेतला, तर बाकीचे त्याच्याकडे बघणारच. ऑफिसमधला माझा एक मित्र नेहमी कुरकुरतो, "क्वार्टरबॅक खातो म्हणून त्याला राखणाऱ्या लाइनमधल्यांना उपास." मी त्याला विचारते, पातेलं केवढं ते कोणी ठरवलं? त्यावर तो चहा आणायला जातो.

क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी बाजारभावापेक्षा कमी पैसे घ्यायचा, म्हणून लोक त्याला त्यागी म्हणतात. मला हा त्याग कळलेला नाही. सगळ्यात वरचा माणूस कमी घेतो तेव्हा त्याच्या खालच्या प्रत्येकाला मालक विचारतो, "त्याला पुरतं, तुला का पुरत नाही?" तुमच्या खात्यात चार साचे चालवायला पहिला कोण तयार झाला आणि त्याला तुम्ही काय म्हणायचात, ते मी इथे लिहीत नाही, आई वाचणार आहे.

म्हणून माझं मत ऐकून इथले लोक चिडतात, पण मला कर्क कझिन्स सगळ्यांत मोठा युनियनवाला वाटतो. वॉशिंग्टनने २०१६ आणि २०१७ अशी दोन वर्षं त्याला 'फ्रँचाइझ टॅग' लावून अडकवून ठेवलं. म्हणजे कराराची मुदत संपली तरी बाहेर जायचं नाही, एका वर्षाचा ठरलेला पगार घ्यायचा आणि गप्प खेळायचं. त्याने तक्रार केली नाही, कमी पैशांत लांबचा करारही केला नाही. २०१८ मध्ये मोकळा झाला आणि आमच्याकडे आला तो तीन वर्षांचे ८ कोटी ४० लाख डॉलर घेऊन, पैन् पै गॅरंटीड. क्वार्टरबॅकच्या एवढ्या मोठ्या कराराला तसं आधी कधी झालं नव्हतं. लोकांनी हावरट म्हटलं. मोठे सामने हरला, मीही शिव्या घातल्या. पण हा गडी आजीकडून विकत घेतलेली जुनी, पोचे पडलेली व्हॅन चालवत सरावाला जायचा. हाव नव्हती ती. सही करण्याआधी कागद नीट वाचणारा माणूस होता.

आई, तुझ्यासाठी : बाल्टिमोरचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन. त्याने एजंट ठेवलाच नाही, आई त्याची मॅनेजर. लोक हसले, म्हणाले, पोरगा फसणार. २०२३ मध्ये पाच वर्षांचे २६ कोटी ठरले, त्यातले १८ कोटी ५० लाख गॅरंटीड. त्याला सगळेच गॅरंटीड हवे होते, कारण आदल्या वर्षी क्लीव्हलँडने डेशॉन वॉटसनला २३ कोटी पूर्ण गॅरंटीड दिले होते. (वॉटसनबद्दल चांगलं लिहायला माझा हात उचलत नाही. वीसहून जास्त महिलांनी त्याच्यावर दावे लावले होते, अकरा सामन्यांची बंदी आली. पण करार तो करारच.) इतर मालकांच्या पोटात गोळा आला. खेळाडूंच्या युनियनने तक्रार केली की मालकांनी आपसात ठरवून गॅरंटी दाबली. लवादाने निकाल दिला की लीगने, म्हणजे सगळ्या संघांच्या संस्थेने, मालकांना गॅरंटी कमी करा असं सुचवलं होतं खरं, पण त्यांनी मिळून तसं केलं हे सिद्ध होत नाही. आणि बाबा, खरी गोष्ट पुढेच आहे. हा निकाल जानेवारीत लागला, आणि लीगने तर सोडाच, युनियननेही तो स्वतःच्या खेळाडूंना दाखवला नाही. जूनमध्ये एका पत्रकाराने बाहेर काढला. जुलैत युनियनच्या प्रमुखाने राजीनामा दिला, त्याला आणखीही कारणं होती. मला वाचताना तुमचा चेहरा दिसत होता. 'मान्यताप्राप्त' हा शब्द तुम्ही ज्या सुरात उच्चारता, तो सूर.

तिथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं.

साल १९८२. तुमचा गिरण्यांचा संप १८ जानेवारीला सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर. मी तीन वर्षांची होते, मला फक्त भोंगा बंद झाल्याचं आठवतं. तेही खरं आठवतं की तुमच्याकडून ऐकलेलं, देव जाणे. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला इथले फुटबॉलवालेही संपावर गेले. त्यांचा ५७ दिवसांत मिटला, मोसम नऊ सामन्यांचा झाला. तुमचा मागे घेतल्याचं आजवर कुणी जाहीर केलेलं नाही. संपाचे पुढारी डॉक्टर सामंत, त्यांच्या मागे अख्खं गिरणगाव होतं, पण कायद्याने बोलायचा हक्क मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा. १९४६ च्या त्या कायद्याने एक युनियन मान्य केली की बाकीच्यांना दारच नाही. तुम्ही सांगायचात, "पगारवाढ राहू दे, आधी तो कायदा काढा."

इथे उलटं झालं. कोर्टाने सांगितलं, जोवर तुमची युनियन आहे तोवर मालकांवर मक्तेदारीचा खटला भरता येणार नाही. मग १९८९ मध्ये युनियनने काय केलं? स्वतःची मान्यताच फेकून दिली! आम्ही युनियन नाही, नुसती संघटना, आता चला कोर्टात. तो खटला १९९२ मध्ये चालला, आणि कुठे माहितीये? इथेच, मिनिआपोलिसला, माझ्या ऑफिसपासून थोड्याच अंतरावर. ज्युरीत आठच्या आठ बायका. निकाल खेळाडूंच्या बाजूने लागला, आणि १९९३ पासून मुदत संपलेल्या खेळाडूला दुसऱ्या संघात जायची मोकळीक मिळाली. आज क्वार्टरबॅकला जे कोट्यवधी मिळतात ते त्या निकालावर उभे आहेत. मान्यता सोडायची तयारी तुमच्याकडे कुणी दाखवली असती तर, असा विचार मी कधीकधी करते. मग आठवतं की यांच्याकडे मैदान होतं आणि टीव्ही होता. तुमच्या मालकांना गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन जास्त प्यारी झाली होती.

कोट्यधीशांचं म्हणाल, तर सगळे कोट्यधीश नाहीत. नव्या पोराचा यंदाचा कमीत कमी पगार ८ लाख ४० हजार डॉलर. हो, ऐकायला डोळे पांढरे होतात, मलाही जन्मात मिळणार नाहीत. पण सरासरी तीन-साडेतीन वर्षं खेळतात, पुढे गुडघे आणि डोकं घेऊन चाळीस वर्षं काढायची. आणि त्याखाली 'प्रॅक्टिस स्क्वॉड' असतो. आठवडाभर सराव करायचा, सामन्याला बसायचं. कुणी जायबंदी झाला तर बोलावणं येणार. हे वाचल्यावर तुम्हाला सांगायला नकोच : बदली कामगार. सकाळी गेटवर डबा घेऊन उभं राहायचं, आज कोण गैरहजर आहे बघायचं.

युनियनच्या मतदानात मात्र क्वार्टरबॅकचं आणि सगळ्यात खालच्याचं मत एकच. मालकांशी झालेल्या २०२० च्या कराराला क्वार्टरबॅक आरन रॉजर्ससारख्यांनी उघड विरोध केला, सतरावा सामना नको म्हणाले. पण कमी पगारवाल्यांची वाढ त्यातच होती. १०१९ विरुद्ध ९५९, साठ मतांनी मंजूर. मी तेव्हा रॉजर्सच्या बाजूने होते. आता तेवढी खात्री नाही.

आता शेवटचं, आणि हे खरं तर बाबांनाच विचारायचंय. १९८७ मध्ये पुन्हा संप झाला, चोवीस दिवसांचा. या वेळी मालकांनी भाड्याची माणसं आणून तीन आठवडे सामने खेळवले. तुमच्यासारखे बदली नव्हेत, चक्क संपफोडे. मग मोठेमोठेही फुटायला लागले. सॅन फ्रान्सिस्कोचा जो माँटाना, त्या काळचा देव, तोसुद्धा दुसऱ्या आठवड्यात संप सोडून आत गेला. एकट्या वॉशिंग्टनचा एकही खेळाडू फुटला नाही. गंमत म्हणजे त्यांच्या नावाने खेळलेली भाड्याची पोरं तिन्ही सामने जिंकली, शेवटचा तर डॅलसविरुद्ध, जिथले बरेच मोठे खेळाडू फुटून खेळत होते. त्या वर्षी वॉशिंग्टनने सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, जिंकला. त्या पोरांना विजेत्यांना देतात ती अंगठी मिळाली नाही. मिळाली ती २०१८ मध्ये, तीस वर्षांनी, म्हातारपण दिसायला लागल्यावर.

मी ते वाचलं आणि मला समोरच्या खोलीतले काका आठवले. ८३ च्या पावसाळ्यात ते संप सोडून गिरणीत आत गेले. घरात चार पोरं, एक आजारी. तुम्ही त्यांच्याशी बोलणं टाकलंत ते चाळ सोडेपर्यंत. गॅलरीत ते आले की तुम्ही आत यायचात. आणि आई, तू मला दर गौरीला पदराखालून वाटी देऊन त्यांच्याकडे पाठवायचीस आणि म्हणायचीस, "बाबांना सांगू नको." आज सांगितलं. बेचाळीस वर्षं झाली, आता काय ते रागावा.

तर बाबा, ती अंगठी द्यायला हवी होती का? उद्या डेट्रॉइटशी सामना आहे, मॅकार्थी परत येतोय. तो संपला की तुमच्याकडे सोमवार उजाडेल. चहा झाला की फोन करते. आईला आधी घेऊ देऊ नका.

आई, गुडघ्याला तेल लाव, आणि बाबांची बीपीची गोळी रात्रीची आहे, सकाळची नाही.

तुमची,
सुमी