मलेरियाचा जंतू दार बघूनच शिरतो

संपादक साहेब नमस्कार,

मागच्या आठवड्यात आमच्या धाकट्याला थंडी वाजून ताप आला, दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजतच होते, रिपोर्ट आला व्हायव्हॅक्स नावाच्या जंतूचा मलेरिया. गल्लीत सगळे म्हणतात रक्त खराब झालंय, तसं नसतं हो. डास चावला की हा जंतू आधी लिव्हरमध्ये वाढतो आणि मग तांबड्या पेशीत घुसतो, तेही कसाही नाही, पेशीवर डफी नावाचं प्रोटीन असतं त्याला धरून. पश्चिम आफ्रिकेत बहुतेकांच्या तांबड्या पेशींवर हे डफीच नसतं म्हणून तिथं व्हायव्हॅक्स फार कमी, हे १९७६ पासून माहितीय. मलेरियाचा दुसरा जंतू फाल्सिपेरम जास्त बेरकी, त्याला ग्लायकोफोरिनसारख्या पेशीवरच्या प्रोटीनची बरीच दारं चालतात, पण बॅसिजिन नावाचं प्रोटीन लागतंच, ते २०११ ला कळलं. व्हायव्हॅक्स लिव्हरमध्ये दडून पण बसतो म्हणून प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस, आणि आपल्याकडं पोरगं चौथ्या दिवशी खेळायला पळालं की गोळ्या कपाटात! फॉगिंगचे फोटो छापता तसं एकदा हे पण छापा की. आमच्या मागच्या गटारीत पाणी अजून तसंच तुंबलंय.

एक वाचक, विश्रामबाग, सांगली