बसला रस्ता मोकळा द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चौदा वर्षे मी कामावर स्वतःच्या मोटारीने जात होते. जाऊन-येऊन 24 किलोमीटर. पेट्रोल भरले की वहीत टिपून ठेवायची सवय वडिलांनी लावलेली, म्हणून हिशेब देता येतो. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत गाडी लिटरला बाराच किलोमीटर देई. दिवसाला दोन लिटर, म्हणजे कामाच्या 250 दिवसांत 500 लिटर. लिटरभर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. (पेट्रोलचे वजन पाऊणच किलो, पण त्यातला कार्बन हवेतला ऑक्सिजन घेतो, म्हणून भार वाढतो.) वर्षाला साडेअकराशे किलो, एका माणसाला कामावर नेऊन आणण्यासाठी!

डिझेलची बस लिटरला साडेतीन किलोमीटर चालली, तर किलोमीटरमागे पाऊण किलोच्या आसपास सोडते. आत चाळीस माणसे असली तर प्रत्येकाच्या वाट्याला वीस ग्रॅमही येत नाहीत. माझ्या मोटारीचे होत 190. पण बसमध्ये चारच जण असले, तर तीही मोटारीच्याच पंक्तीला बसते. बस भरलेली हवी.

ती का भरत नाही, ते दोन वर्षांपूर्वी मोटार सोडल्यावर मला उमगले. थांब्यावर कधी पाच मिनिटे, कधी पस्तीस. बसले तरी बस मोटारींच्या रांगेत अडकलेली: आत पन्नास माणसे, पुढे वीस गाड्या, बहुतेकींत एकेकच माणूस. इतकी वर्षे त्या रांगेतली एक गाडी माझी होती, या विचाराने आजही वाईट वाटते.

एस्टोनियातल्या टालिन शहराने 2013 पासून रहिवाशांना बसप्रवास मोफत केला, तरी मोटारी फारशा हटल्या नाहीत. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने 1974 मध्ये आणि कोलंबियातल्या बोगोताने 2000 मध्ये बसला रस्त्यावर स्वतःची मार्गिका दिली, तो मार्ग मला अधिक पटतो. रस्ते रुंद करण्याआधी आहे त्याच रस्त्यावरची एक मार्गिका गर्दीच्या वेळी फक्त बससाठी राखावी आणि दर दहा मिनिटांनी बस सोडावी, म्हणजे वेळापत्रक पाहायलाच नको. मोटारवाले चिडतील, पूर्वी मीही चिडले असते. तरी हे करायलाच हवे.

माझ्या कार्यालयातल्या तिघी अजून मोटारीने येतात. "बस वेळेवर येते का गं?" असे त्या मला अधूनमधून विचारतात. तिकीट किती, हे अजून एकीनेही विचारलेले नाही.

आपली,
एक नियमित वाचक